चांद्याची चव

एक जून ही पुंजाराम आप्पांची खरी जन्मतारीख नव्हती. कळवणजवळच्या त्यांच्या गावात त्यांच्या वयाच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनलाच येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच पुढे जन्माची ठरली. पण यंदा त्या तारखेला आप्पांची कागदोपत्री साठ वर्षं पूर्ण होत होती, आणि योगिनीला केक करायला तेवढं निमित्त पुरेसं होतं.

आप्पा म्हणजे तिचे वडील. तीन वर्षं ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

घरी येऊ नकोस, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ती दिवाळीला जायची, आखाजीला जायची, आणि ते तिच्यासमोर बसून जेवायचेही. पण काही सांगायचं असेल तर ते आईमार्फत. तिला सांग, नाशिकची गाडी साडेतीनला आहे. तिला विचार, भात पाहिजे का. ती दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची. तिचा भाऊ महेश आईला टेलिफोन ऑफिस म्हणायचा, आणि पहिल्या वर्षी सगळे त्यावर हसले. दुसऱ्या वर्षी कोणी हसेना.

कारण साधं होतं. वणीच्या रविराजशी तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला, बस्ता झाला, पत्रिका छापून आल्या. लग्नाला बावीस दिवस राहिले असताना तो फोनवर सहज म्हणाला की केकचा छंद घरी चालेल, नाशिकला केकसाठी घेतलेली जागा मात्र आता सोडून दे. माणूस वाईट नव्हता. त्याला त्यात काही मोठं वाटलं नाही, इतकंच. योगिनीने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती एकटी वणीला गेली, त्याच्या आईवडिलांसमोर टीपॉयवर अंगठी ठेवली, दोघांच्या पाया पडली, आणि तिथून तशीच गावी येऊन घरात सांगितलं. आप्पा जेवत होते. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि उठून हात धुतला. तेव्हापासून गप्प.

वाढदिवसाला केक कापला की पहिला घास कोणीतरी भरवतं. आणि घास भरवणाऱ्याला माणूस काहीतरी म्हणतोच. पुरे म्हणतो, बस म्हणतो, एवढा मोठा नको म्हणतो. योगिनीला तेवढंच हवं होतं. आप्पांनी तिच्या हातचा घास खावा आणि मध्ये कोणाला न घालता तिला एक शब्द बोलावा. कोणताही चालला असता.

गंगापूर रोडला लतिका काकूंच्या बंगल्याखाली गाडी ठेवायची एक खोली होती. काकूंनी गाडी विकली तेव्हा योगिनीने ती भाड्याने घेतली आणि तिथे ओव्हन मांडला. त्याआधी ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन दोन वर्षं एका लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासत होती. आता ती आकाराचे केक करायची. लोक बुलेट मागायचे, हार्मोनियम मागायचे, एका द्राक्षवाल्याने मुलाच्या लग्नाला फवारणीचा ट्रॅक्टर मागितला होता. तिचे केक पडत नाहीत, अशी तिची ख्याती होती. नाशिकभर केक पोचवून तिला एवढं कळलं होतं की केक बिघडतो तो ओव्हनमध्ये नाही, गतिरोधकावर.

आप्पांसाठी आकार कोणता, हा प्रश्न तिला पडलाच नाही. चांद्या.

चांद्या घरच्याच गायीचा गोऱ्हा. तांबडा, कपाळावर पांढरी कोर. योगिनी दुसरीत होती तेव्हा जन्मला आणि ती कॉलेजात गेली तेव्हा ऐन भरात होता. घरात ट्रॅक्टर आला तरी आप्पांनी त्याला विकला नाही. शेजारचा हिरामण त्याला पेन्शनर म्हणायचा. गेल्या फाल्गुनात तो गेला. महेशने तिला फोन केला तो दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. आप्पा चार दिवस गोठ्यातच झोपले, असं आई म्हणाली होती.

योगिनीच्या फोनमध्ये चांद्याचे एकशे एकतीस फोटो निघाले. डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं होतं, फाटकात अडकून. मानेवर जुवाचा घट्टा होता, तळहाताएवढा, केस गेलेला. तिने मापं काढली आणि प्रमाण ठरवलं. चांद्या बसलेला करायचा, रवंथ करताना, म्हणजे पायांवर भार येणार नाही. दीड फूट लांब, नऊ किलो.

आकार सोपा होता. अवघड होती ती चव.

आप्पांच्या गळ्यात माळ, तेव्हा अंडं नाही. केकमधलं अंडं तापलं की आतल्या आत जाळं विणतं आणि त्या जाळ्यावर केक उभा राहतो. ते काढलं की कणाच जातो. त्यात एक जूनचं ऊन, ऐंशी किलोमीटर रस्ता, नांदुरीच्या बाजूची वळणं. ताजी क्रीम दिंडोरीपर्यंतही टिकली नसती. म्हणजे भरीव, घट्ट, कमी ओला केक हवा, आणि तो साठ वर्षांच्या, खालच्या दोन दाढा गेलेल्या माणसाला आवडलाही पाहिजे. योगिनीने एक वही केली. एका बाजूला भार किती पेलतो, दुसऱ्या बाजूला चव.

चव घ्यायला लतिका काकू होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, मधुमेह काठावर असलेल्या, आणि डॉक्टरांनी चमचाभर म्हटलं आहे असं सांगून चार चमचे खाणाऱ्या. पहिला घट्ट केक खाऊन त्यांनी योगिनीकडे चष्म्यावरून पाहिलं.

“हा केक आहे की वीट? नाही, चांगला आहे. पण वडिलांशी तुझं भांडण आहे की माझ्याशी?”

केळ्याचा केक चवीला उतरला, पण वर चार किलो ठेवताच खालच्या थराचा शिरा झाला. आंबा काकूंना हवा होता, मोसम होता, पण रस कितीही आटवला तरी दोन थरांमध्ये घसरगुंडी व्हायची. कॉफी आप्पांनी जन्मात घेतली नव्हती. चॉकलेट सगळ्यांत मजबूत, आणि नेमकं तेच बाद. महेशच्या लग्नात आप्पांनी चॉकलेटचा एक घास घेऊन, हे करपलं आहे का, असं विचारलं होतं. तिने ठरवलं की चॉकलेट फक्त वरून, चांद्याच्या कातडीपुरतं. ते काढून ठेवता येईल. आतलं आप्पांचं असेल.

पण आप्पांचं म्हणजे काय? तिने आईला फोन केला.

आई म्हणाली, त्यांना काय आवडतं ते तिलाही चाळीस वर्षांत कळलेलं नाही. पुढ्यात येईल ते खातात, करपलं तरी बोलत नाहीत. योगिनीने प्रश्न बदलला. पुन्हा काय मागून घेतात?

“मागत नाय ते,” आई म्हणाली. “ताट थोडं पुढं सरकवतात. दशमी असली का सरकवतात.”

योगिनीने ते वहीत लिहिलं. दशमी म्हणजे दुधात गूळ विरघळवून त्यात मळलेल्या कणकेची पोळी. आप्पा शेतावर जाताना फडक्यात बांधून न्यायचे. पुढचे आठ-दहा दिवस ती रोज काहीतरी विचारत राहिली. गूळ काळा आवडतो की पिवळा? वेलची चालते का? थंडीत दुधात काय घालून घेतात? दाणे भाजलेले लागतात की कच्चे? आई एकीकडे भांडी घासत उत्तरं द्यायची. वेलचीचा वास त्यांना लग्नाघरचा वाटतो. सुंठ चालते. दाणे लय भाजलेले. मध्येच तिने विचारलं की एवढं करून तू बनवणार तरी काय आहेस. योगिनी म्हणाली, बघच तू. आकाराचं एकट्या महेशला माहीत होतं, कारण गाडी त्याची होती. आणि महेश म्हणाला होता, लय भारी, आप्पा वेडे होतील.

गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि घाम फोडतो. तिने तो दुधात घालून आटवून घेतला. आईने पाठवलेली नागली, म्हणजे नाचणी, भाजून दळली, पण नागलीला चिकटपणा नाही, म्हणून तीन वाटे गहू आणि एक वाटा नागली. दाण्याच्या कुटाने केक तेलकट होऊन ढासळला. दोन दिवस ती त्यावर अडली. मग तिच्या लक्षात आलं की दाण्यातलं तेल काढलं की जे उरतं ते तर कोरडं, घट्ट आणि चवदार असतं. लाकडी घाण्यावरून तिने ताजी, खाण्याजोगी, स्वच्छ पेंड आणली, भाजली, चाळली आणि पिठात मिसळली.

त्या दिवशी दुपारी ओव्हन उघडला आणि ती तिथेच उभी राहिली.

तो वास घमेल्याचा होता. संध्याकाळी आप्पा पेंड भिजवायचे, वर मुठीने गुळाचा खडा कुस्करायचे, आणि चांद्या तोंड घालायच्या आधी आठ-नऊ वर्षांची योगिनी त्यातला एक घास पळवायची. आप्पा म्हणायचे, खा, पण त्याला विचारून खा. ती चांद्याच्या कानात विचारायची. चांद्या कान हलवायचा. आप्पा म्हणायचे, हो म्हणाला.

लतिका काकू जिन्यावरून खाली आल्या. वास ओळखीचा वाटतो, पण कशाचा ते सांगता येत नाही, असं म्हणून त्यांनी तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा घेतला.

“चिक्कीची मोठी बहीण आहे ही,” त्या म्हणाल्या. “हाच कर. आणि बाई, हे खाऊन जो माणूस बोलणार नाही ना, त्याची साखर तपासायला पाहिजे.”

वहीत त्या दिवशीच्या पानावर योगिनीने दोन्ही बाजूंना बरोबरची खूण केली. पाच किलो भाराखाली दोन तास, एक मिलिमीटरही दबला नाही. चव: आप्पा.

एकतीस मेला तिने चांद्या कोरला. दर चार बोटांवर पातळ फळी, मधून एक लाकडी दांडी. वशिंडाचा उतार तीनदा केला. मानेचा घट्टा केला तेव्हा चॉकलेटवर अंगठा दाबून तो थोडा खरबरीत ठेवला. तासताना निघालेले तुकडे एका डब्यात भरले, महेशच्या पाच वर्षांच्या मुलीसाठी, तेजूसाठी.

सकाळी महेश पिकअप घेऊन आला. टमाट्याच्या क्रेटांच्या जागी मागे गादी, गादीवर फळी, फळीवर खोका, खोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या. योगिनी मागेच बसली, खोक्याला पाय लावून. वणीच्या चौकात महेशने काच खाली करून मागे पाहिलं आणि काहीतरी विनोद करायचं ठरवून, तो न करताच पुन्हा पुढे पाहिलं. नांदुरीच्या वळणांवर तिने दर वळणाला झाकण उघडून आत बघितलं. चांद्या शांत बसलेला होता. कुठे भेग नाही, घामाचा थेंब नाही. इतकं चोख काम तिच्या हातून यापूर्वी झालं नव्हतं आणि ते तिला माहीत होतं.

संध्याकाळी पाचला ओट्यावर टेबल मांडलं. दहा-पंधरा माणसं होती, भावकीतली आणि शेजारची. हिरामण म्हणत होता, कागदावर साठ, खरे किती ते याच्या म्हातारीलाच माहीत, आणि म्हातारी वारली. आप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, कुठे बसायचं ते न कळून खांबाशी उभे होते. योगिनीने खोका उचलला.

हिरामणचं तोंड उघडं होतं तसंच राहिलं. आप्पा खांब सोडून दोन पावलं पुढे आले.

पहिली हलली ती आई. ती आत गेली आणि हळद-कुंकवाचा करंडा नि निरांजन घेऊन आली. कोणी सांगितलं नव्हतं, बहुधा तिने स्वतःही ठरवलं नव्हतं. पोळ्याला दारात बैल आला की हात जातात तसे तिचे हात गेले. तिने चांद्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि आतून पुरणपोळीचा घास आणून त्याच्या तोंडापुढे ठेवला. बायकांनी एकापाठोपाठ एक कुंकू लावलं. कपाळाची पांढरी कोर लाल झाली.

केकबरोबर आलेली प्लास्टिकची सुरी महेशच्या हातात होती. तो ती आप्पांच्या पुढे करणार, तेवढ्यात हिरामण हलक्या आवाजात म्हणाला, “अरे, बैलाला सुरी लावतो का?”

आणि योगिनीला तेव्हा कळलं. त्या क्षणापर्यंत, तीन आठवड्यांत, एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिने ऊन मोजलं होतं, वळणं मोजली होती, गुळातलं पाणी मोजलं होतं. चांद्याच्या अंगावर सुरी कोण चालवणार, हा प्रश्न तिने वहीत कुठेच लिहिला नव्हता. आईला आकार सांगितला असता तर आई भांडी घासता घासता अर्ध्या वाक्यात म्हणाली असती.

“महेश,” आप्पा म्हणाले, “ती सुरी आत ठेव.”

माणसांनी पुरणपोळी आणि आमरस खाल्ला. जेवण चांगलं झालं होतं, सगळे तसं म्हणाले. चांद्याकडे पाठ करून कोणी बसलं नाही. तेजू दोनदा विचारून गेली की केक कधी. योगिनी मागच्या बाजूने थोडा काढता येईल, दिसणार नाही, असं म्हणायला गेली आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थांबली.

मग तिला डबा आठवला. तिने तो तेजूला दिला, आणि त्यातले दोन चांगले तुकडे ताटलीत घेऊन आप्पांपुढे आली. ताटली दोन्ही हातांनी धरली होती.

“आप्पा, हे त्यातलं नाही. हे उरलेलं आहे. कोरताना बाजूला पडलेलं.”

आप्पांनी ताटलीकडे पाहिलं. वास त्यांच्यापर्यंत पोचला असणार. त्यांच्या नाकपुड्या हलल्या, हे तिने पाहिलं. मग ते महेशकडे वळले.

“तिला सांग,” ते म्हणाले, “ते त्याच्याच अंगाचं हे ना.”

पलीकडे तेजूचं तोंड चालत होतं ते थांबलं. तिने तोंडातला घास हळूच तळहातावर काढला आणि आजीकडे पाहिलं.

माणसं गेली. दिवस मावळायला आला होता. योगिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा आप्पा टेबलाजवळ खुर्ची ओढून बसलेले होते. त्यांची पाठ तिच्याकडे होती. ती दारातच थांबली, कारण ते बोलत होते.

“कान तसाच हे तुझा,” ते म्हणत होते. “शिंग बी.” त्यांचं बोट मानेच्या घट्ट्यावर आलं आणि तिथे राहिलं. “हे माझंच पाप. जू नीट बसत नव्हतं, मला कळायला एक साल लागलं.”

ते बोलत राहिले. कांदा यंदा कसा निघाला ते त्यांनी चांद्याला सांगितलं. विहिरीचं पाणी कुठे गेलं ते सांगितलं, तेजूचा पहिला दात पडला ते सांगितलं. तीन वर्षांत योगिनीने त्यांच्या तोंडून सलग इतकं ऐकलं नव्हतं. मग ते थोडे थांबले.

“तू बी न सांगता गेला,” ते म्हणाले. “सांगून जायचं असतं रे. मी काय अडवलं असतं? वणीला मीच गेलो असतो. माझ्या हातानं दिली असती अंगठी. बाप असताना पोरगी एकटी गेली, उन्हाची, एसटीनं. लोक म्हणतात, पुंजारामचा शब्द मोडला. शब्दाचं काय घेऊन बसला. मला इचारलं नाय तिनं.”

ती पुढे झाली असती, तिला तसं करायचंही होतं. तिचं पाऊल वाजलं. आप्पांनी मान वळवली नाही, पण ते बोलायचे थांबले, आणि चांद्यावर एक पंचा हलकेच घालून आत गेले. तिच्या अगदी जवळून गेले. दारात ती अंग चोरून बाजूला झाली.

सकाळी मुंग्या आल्या होत्या. टेबलाच्या चारही पायांवरून रांगा, आणि चांद्याच्या डोळ्यांत, कानांत, नाकात मुंग्या. आप्पा पंचाने त्या झटकत होते. एका बाजूने झटकल्या की दुसरीकडून यायच्या. गुळाला मुंग्या किती लांबून येतात ते योगिनीला माहीत होतं, आणि काय केल्याने थांबतात तेही. पण ती काही बोलली नाही. महेश पहाटेच टमाटे घेऊन मार्केटला गेला होता. आईच्या कमरेला नऊ किलो उचलवले नसते.

आप्पांनी अंगणात चहूकडे पाहिलं. मग फळीची एक बाजू धरली आणि समोर न बघता म्हणाले, “धर.”

तिने दुसरी बाजू धरली.

दोघं चांद्याला घेऊन बांधाकडे निघाले. ते पुढे, पाठमोरे, ती मागे. त्यांची चाल तिला जपून पकडावी लागत होती, म्हणजे फळी कलणार नाही. बांधावरच्या आंब्याखाली जमीन अजून थोडी खचलेली दिसत होती, तिथे चांद्या होता. शेजारी आप्पांनी पहाटेच खड्डा खणून ठेवला होता, लहान, दीड हात. फावडं तिथेच पडलेलं होतं आणि त्याच्याजवळ खड्या मिठाची पिशवी. बैल पुरताना मीठ घालतात. ते कशासाठी घालतात, मिठाने ओल कशी ओढली जाते, हे तिने एकदा आप्पांना समजावून सांगितलं होतं, अकरावीत असताना, आणि त्यांनी कौतुकाने चार जणांना सांगितलं होतं.

चांद्या खड्ड्यात नीट बसला. त्याचं तोंड त्यांनी गोठ्याकडे केलं. मग पिशवी फाडून सगळं मीठ त्याच्यावर ओतलं. वशिंडावरून, मानेवरून मीठ घरंगळत गेलं आणि घट्ट्याशी साचलं. फळी काढताना थोडं चॉकलेट आणि त्याखालचा केक त्यांच्या अंगठ्याला लागला होता. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. ते वाकले, मूठभर माती घेतली आणि अंगठा चोळून चोळून पुसला.

मग फावडं उचललं.

“आप्पा,” ती म्हणाली.

मातीचं पहिलं ढेकूळ मिठावर पडलं.

“मी विचारायला पाहिजे होतं. तेव्हा पण. आत्ता पण.”

दुसरं पडलं. इथे आई नव्हती, महेश नव्हता, ज्याला सांगून तिला सांगता येईल असं कोणी नव्हतं. ती वाट बघत राहिली. आप्पा माती ओढत राहिले. चांद्याची पाठ झाकली, मग मान, मग एक शिंग उरलं, तुटक्या टोकाचं.

“याच्यात गूळ होता,” ती म्हणाली. “दशमीतल्यासारखा, दुधात आटवलेला. काळा गूळ, तुम्ही आणता तो. आईने दिलेली नागली होती, भाजून. वेलची नाही घातली. सुंठ घातली, नऊ किलोला तीस ग्रॅम. आणि पेंड होती आप्पा, घाण्यावरची ताजी. वास तसाच आला होता. घमेल्याचा.”

शिंग झाकलं गेलं.

ती सांगत राहिली. दाणे कितीदा भाजले, केळं का नाही घातलं, आंबा का नाही, पहिला केक लतिका काकूंना वीट वाटला होता ते. सगळं सांगितलं. फावडं थांबलं नाही. शेवटी शेवटी ते जरा सावकाश चालायला लागलं. ऐकत होते म्हणून, की माती संपत आली होती म्हणून, हे तिला ठरवता आलं नाही.